जुन्या शस्त्रांचा संग्रह : आकर्षण कशाचे आणि मुलांना शिकवायचे काय?



शिवजयंती जवळ आली की आपल्या शिरूर-दौंड भागात शिवकालीन शस्त्रांची प्रदर्शने सुरू होतात. कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे मंडळाच्या मंडपात. एरवी पाच मिनिटे एका जागी न बसणारी मुले तलवारीसमोर अर्धा अर्धा तास उभी राहतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "सर, ही खरी आहे का?" आणि दुसरा, "हिने किती माणसं मारली असतील?"

दुसऱ्या प्रश्नात मुले अडकून पडली तर त्यांच्या हाती फक्त थरार लागतो. पहिल्या प्रश्नाचा हात धरला तर इतिहास, विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय एका वस्तूतून शिकवता येतात. जगभरचे संग्राहक ज्या ओढीने जुनी शस्त्रे जमवतात, ती ओढ मुख्यतः या पहिल्या प्रश्नाची आहे. ती नेमकी कशी असते, ते आधी समजून घेऊ.

साठा आणि संग्रह यात फरक काय?

मुले चिंचोके जमवतात, काड्यापेटीची चित्रे जमवतात, जुनी नाणी जमवतात. डब्यात नुसते भरून ठेवले तर तो साठा. पण "हे नाणे कोणत्या सालचे, कोणत्या धातूचे, कोणाकडून मिळाले" असे मूल सांगू लागले की तो संग्रह झाला. म्हणजे संग्रहात वस्तूइतकीच माहितीही जमवावी लागते. माहिती गेली की उरते ते मोडीत घालायचे लोखंड.

दूरचे उदाहरण : अमेरिकेतली पंप बंदूक

अमेरिकेत जुन्या पंप बंदुका जमवणारे पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडे जशी बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक असते, तशीच ही बंदूक, पण रचना वेगळी. नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. त्यात काडतुसे एकामागे एक बसतात. खालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. सायकलच्या पंपासारखी मागे-पुढे होणारी हालचाल, म्हणून नाव पंप बंदूक.

ही कल्पना चालवून दाखवणारी पहिली यशस्वी बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर यांची, १८८२ सालची. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी विंचेस्टर कंपनीसाठी १८९३ मध्ये आपला आराखडा दिला आणि तो सुधारून १८९७ चे मॉडेल आले. ब्राउनिंग यांचे वडील बंदुका बनवणारे कारागीर होते. मुलगा त्यांच्याच दुकानात हातोडी-कानस धरायला शिकला. १८९७ चे ते मॉडेल १९५७ पर्यंत बनत राहिले आणि १० लाखांहून जास्त बंदुका तयार झाल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी ती खंदकांत वापरली. तेव्हा जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता. १९५० मध्ये आलेल्या रेमिंग्टन ८७० या मॉडेलचे उत्पादन तर १ कोटीच्या वर गेले.

मग एवढ्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू जमवण्यात गोडी कसली? संग्राहकांची कारणे अशी असतात :

१. काम डोळ्यांना दिसते. जुन्या मॉडेलचा घोडा बाहेर असतो, भाग सरकताना दिसतात. तरफ, कमान आणि सरकता दांडा यांचा मेळ हातात घेऊन कळतो. जुने शिवणयंत्र उघडून बघणाऱ्या माणसाला जो आनंद होतो, तोच हा.

२. हाताचे काम. जुने भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कापून, घासून बसवलेले. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. पुढे खर्च वाचवण्यासाठी पत्र्याचे ठोकलेले भाग आणि प्लास्टिक आले.

३. क्रमांक. बहुतेक बंदुकांवर क्रमांक कोरलेला असतो. कंपनीच्या नोंदींशी तो ताडून ती साधारण कोणत्या साली बनली ते काढता येते. म्हणजे वस्तू स्वतःच आपला जन्मदाखला घेऊन फिरते.

४. घरची आठवण. आजोबांची बंदूक नातवाकडे येते. दस्त्यावर जिथे आजोबांचा हात घासून लाकूड गुळगुळीत झाले, ती जागा नातवाला पुसायची नसते.

चौथ्या कारणातून एक नियम निघाला आहे. जुनी वस्तू नव्यासारखी चकचकीत केली की जाणकारांच्या लेखी तिची किंमत कमी होते. मूळ रंग, मूळ झीज, मूळ ओरखडे हाच तिचा पुरावा. आपल्याकडे जुने नाणे सापडले की घरची मंडळी चिंच आणि राख घेऊन बसतात. नाणे लख्ख होते आणि त्यावरची अक्षरे पुसट होतात. वर्गात हे जरूर सांगा.

याची दुसरी बाजूही मोठ्या वर्गांना सांगायला हवी. त्याच अमेरिकेत २०२० ते २०२३ या प्रत्येक वर्षी ४० हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. भिंतीवरची वस्तू इतिहासाची असली तरी ती चालू स्थितीत असते, हे विसरून चालत नाही.

जवळचे उदाहरण : पुण्याचे केळकर संग्रहालय

आपल्याकडे संग्राहक म्हटले की पहिले नाव दिनकर गंगाधर केळकर यांचे. जन्म १८९६, मृत्यू १९९०. व्यवसाय चष्म्यांचा आणि कविता करायचे 'अज्ञातवासी' या नावाने. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. बाजीराव रस्त्याजवळ, नातूबागेत हे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. सहलीसाठी आपल्याला सोयीचे, दौंडहून रेल्वेने किंवा शिरूरहून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत.

तिथे शस्त्रे आहेतच. पण त्यांच्या शेजारी अडकित्ते आहेत, दिवे आहेत, वाद्ये आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. तलवार ज्या घरात होती, त्या घरात सुपारीही कातरली जात होती आणि दिवाही लावला जात होता. केळकरांच्या संग्रहात शस्त्र एकटे उभे नाही, ते माणसांच्या संसारात उभे आहे. मुलांना हे दाखवले की तलवारीकडे बघण्याची नजर आपोआप बदलते.

शस्त्र 'वाचायचे' कसे, याचे चांगले उदाहरण म्हणजे फिरंग. मराठ्यांच्या वापरातली ही सरळ पात्याची तलवार. पाते युरोपातून आलेले, म्हणून नाव फिरंग. मूठ मात्र इथल्या कारागिराने इथल्या पद्धतीने घडवलेली. एका तलवारीत समुद्रापारचा व्यापार आणि गावचा लोहार एकत्र आलेले दिसतात. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपती शिकवताना नकाशावर एक दोरा लावून हे दाखवता येते.

बंदुकांचेही तसेच. आधी तोड्याची बंदूक. जळता तोडा लावून दारूला आग द्यायची. पाऊस आला की तोडा विझला. मग चकमकीची बंदूक. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची फौज आपल्या शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली, तो काळ या चकमकीच्या बंदुकांचा. या दोन्ही बंदुका तोंडाकडून दारू ठासून भरायच्या, म्हणून ठासणीच्या. शेवटी मागून काडतूस घालायच्या बंदुका आल्या. दर टप्प्यावर एकच अडचण सोडवलेली दिसते : बार लवकर आणि खात्रीने कसा उडेल? पंप बंदूक याच रांगेत पुढे उभी आहे. विज्ञानाच्या तासाला 'अडचण आणि शोध' शिकवायला ही रांग छान उपयोगी पडते.

मग आपल्या घरांत जुन्या बंदुका का नाहीत?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट. या भेदभावावर आपल्या पुढाऱ्यांनी त्या काळी कडक टीका केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. परवान्याची अट राहिली, पण सर्वांना सारखी.

अमेरिकेत घरी बंदूक ठेवण्याची परंपरा, आपल्याकडे नाही. म्हणून तिथला हा छंद जसाच्या तसा इथे येऊ शकत नाही. इथे जुन्या शस्त्रांचा खरा आनंद संग्रहालयात आणि वहीत आहे.

'खरी आहे का?' हा प्रश्न किती खोल जातो

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती तीन वर्षांसाठी देण्यात आली. दर्शनाला मोठी गर्दी झाली. ही वाघनखे साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती. ती अफजलखानाच्या भेटीच्या वेळचीच, असे त्यांच्यासोबतच्या पेटीवर लिहिलेले आहे. पण तीच ती, याची खात्री करता येत नाही, असे ते म्युझियम स्वतः सांगते.

याचा अर्थ प्रतापगडाचा प्रसंग कमी मोठा होत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट इतिहासात पक्की आहे. वस्तूची नोंद आणि घटनेचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच यातून शिकायचे. भेट १६५९ ची आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला तो १८१८ साली. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत वस्तू कोणाकडे होती? सलग नोंद नसली की खात्री देता येत नाही. आपल्या घरातल्या वस्तूंचेही तेच होणार आहे. पणजोबांचा अडकित्ता कोणाचा, हे आज आजीला विचारून लिहून ठेवले नाही, तर वीस वर्षांनी सांगणारे कोणी नसेल.

बारा बोअरमधले 'बारा' म्हणजे काय?

हे गणित पाचवी ते सातवीच्या मुलांना फार आवडते. एक पौंड शिसे घ्या. त्याच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. १६ गोळ्या केल्या तर सोळा बोअर.

१ पौंड = ४५३.६ ग्रॅम
१२ बोअर : ४५३.६ ÷ १२ = ३७.८ ग्रॅमची गोळी
१६ बोअर : ४५३.६ ÷ १६ = २८.३५ ग्रॅमची गोळी
२० बोअर : ४५३.६ ÷ २० = २२.६८ ग्रॅमची गोळी

आता विचारा, कोणती नळी रुंद? बहुतेक मुले '२०' म्हणतात. उत्तर १२. आकडा वाढला की नळी लहान होते, कारण तेवढेच शिसे जास्त भागांत वाटले. १/१२ मोठा की १/२०, हा अपूर्णांकातला नेहमीचा गोंधळ इथे कायमचा सुटतो. बंदूक नको वाटली तर हेच एका किलो गुळाच्या १२ आणि २० ढेपांवर करून घ्या.

पालकांसाठी : कायदा थोडक्यात

- चालू स्थितीतील कोणतीही बंदूक, जुनी असो वा नवी, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेलीही त्यात धरली जाते.
- जुन्या पद्धतीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले, पण दुरुस्त करूनही वापरता येणार नाही असे हत्यार कलम ४५ प्रमाणे कायद्यातून वगळलेले आहे. मात्र ते वापरता येते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचे नाही. माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक निघाली तर ती उघडू नका, साफ करू नका. आत दारू ठासलेली असू शकते. पोलीस ठाण्यात कळवा.
- १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.
- नांगरताना, विहीर खोदताना नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. आपल्या मातीत काय असेल, सांगता येत नाही.

खरी काळजी कशाची?

मोबाईलवर रील बघून पोरं तलवारीने केक कापतात, कोयता फिरवत व्हिडिओ टाकतात. ज्यांनी तो बघायला नको असतो, ते पोलीसही तो बघतात. मग शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा. बातमीत आपण '४(२५)' वाचतो ते हेच. आपल्या दोन्ही तालुक्यांत पहाटे रस्त्याने पळणारी मुले बघा. कोणाला पोलीस भरती, कोणाला सैन्य. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गट ५ आणि गट ७ डोळ्यांसमोर आहेत. भरतीत मैदान मारले, लेखी मारली आणि चारित्र्य पडताळणीत एका केकमुळे अडकले, तर त्या घराचे काय होते? वर्दीबरोबर सरकार ज्याच्या हातात शस्त्र देणार होते, त्याने ते वाढदिवसाला हातात घेतले म्हणून सगळे हुकते.

नुसते "हात लावू नको" म्हणून हे थांबत नाही. शस्त्राची ओढ मुलांना असतेच. ती दाबली की मोबाईलमध्ये जाते. त्या ओढीला काम द्यावे लागते. पाते कुठून आले, मूठ कोणी घडवली, क्रमांक काय सांगतो, नोंद कुठे तुटली, हे शोधायची सवय लागलेला मुलगा तलवार मिरवायला कमी आणि समजून घ्यायला जास्त जातो.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. वस्तूचे आधार कार्ड. प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू निवडायची. शस्त्र नको. अडकित्ता, पायली, कंदील, खुरपे, तराजू काहीही चालेल. कार्डावर लिहायचे : नाव, कशाची बनली, कोणी बनवली, साधारण किती जुनी, कोणाची होती, घरात कशी आली, ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वस्तू शाळेत आणायची गरज नाही, चित्र पुरे.

२. खरी कशावरून? प्रदर्शन असेल तेव्हा मुलांनी संग्राहकांना तीनच प्रश्न विचारायचे : ही कुठे मिळाली? जुनी आहे हे कसे ओळखले? हिची नोंद आहे का? चांगला संग्राहक या प्रश्नांनी खूश होतो.

३. लोहाराची मुलाखत. गावातल्या लोहाराला भेटा. पाणी देणे म्हणजे काय, पाते तापवून पाण्यात का बुडवतात, धार कुठल्या बाजूने काढतात. तलवारीचे अर्धे विज्ञान विळ्यात सापडते.

४. कोयत्याचे दोन अर्थ. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या शाळांत तोड कामगारांची मुले येतात. त्यांच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल घेतानाही मोजणी कोयत्यांनीच होते. त्या मुलांना कोयत्याबद्दल बोलते करा. तो कसा धरतात, दिवसात किती वेळा धार लावतात, हाताला घट्टे कुठे पडतात. एरवी मागे बसणारी ही मुले या तासाला वर्गाची शिक्षक होतात. ज्या कोयत्याची रील बनते, त्याच कोयत्यावर आपल्या वर्गमित्राच्या घरची चूल पेटते, हे कळले की बाकीच्यांचे बोलणे बदलते.

५. सहल. केळकर संग्रहालयात जाताना प्रत्येक गटाला एक शस्त्र आणि त्याच काळातली एक घरगुती वस्तू अशी जोडी शोधायला द्या. परत आल्यावर जोडीवर दहा ओळी.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. जुने पुठ्ठे, स्केचपेन आणि घरातली म्हातारी माणसे एवढेच साहित्य. त्यातले तिसरे साहित्य दरवर्षी कमी होत चालले आहे, म्हणून आधार कार्डाचा उपक्रम याच सत्रात घ्या. आपल्या वर्गातून एखादे चांगले कार्ड तयार झाले तर जरूर पाठवा, बाकीच्या शाळांनाही दाखवू.